कमांड लाइनचा अर्थ एकदाच लावावा : शेल रचताना घ्यायची काळजी

टर्मिनलवर एक ओळ टाइप करून एंटर दाबले, की संगणकाच्या हाती पडते ती फक्त अक्षरांची सलग माळ. त्या माळेत आज्ञा कुठे संपते, फाइलचे नाव कुठे सुरू होते, कोणते चिन्ह अक्षरशः घ्यायचे आणि कोणते खूण म्हणून, हे कोणाला तरी ठरवावे लागते. युनिक्स आणि लिनक्समध्ये हे काम शेल करतो आणि कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, शब्दांची तयार यादी सोपवतो. विंडोजमध्ये अख्खी ओळ नव्या प्रोग्रामच्या स्वाधीन होते आणि तिचे तुकडे तो प्रोग्राम आपल्या पद्धतीने पाडतो. डिजिटल कंपनीच्या व्हीएमएसमध्ये आज्ञेचे व्याकरण सिस्टीमकडे आधीच नोंदवलेले असे, त्यामुळे चुकीचा पर्याय दिला तर प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच ओळ नाकारली जाई.

ज्यांना स्वतःचा छोटा शेल लिहायचा आहे, किंवा ज्यांचा प्रोग्राम आतून दुसरे प्रोग्राम चालवतो, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. यातील सर्व सूचना एकाच नियमाभोवती फिरतात: ओळीचा अर्थ एकदाच आणि एकाच ठिकाणी लावावा, आणि शब्दांच्या सीमा एकदा ठरल्या की त्या पुढे कोणी पुसू नयेत. कमांड लाइनशी निगडित सुरक्षेच्या त्रुटी पाहिल्या, तर बहुतेकींच्या मुळाशी याच नियमाचा भंग सापडतो.

अर्थ लावणारा भाग कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोग्रामच्या रूपात ठेवावा, हा विचार १९६०च्या दशकात संगणकतज्ज्ञ लुई पूझँ यांनी मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मांडला आणि युनिक्सने तो उचलला. तो आजही योग्यच आहे. शेल कोसळला तर यंत्र कोसळत नाही, आणि एकाच यंत्रावर प्रत्येकाला आपल्या पसंतीचा शेल वापरता येतो.

शब्द पाडणे

पहिली पायरी ओळीचे शब्द पाडण्याची आहे. नवशिके बहुधा सी भाषेतील स्ट्रटॉक हे फंक्शन घेतात आणि स्पेस दिसेल तिथे ओळ तोडतात. पुढील ओळ पाहावी (आरएम ही फाइल पुसण्याची आज्ञा):

आरएम "वीज बिल.पीडीएफ"

स्पेसवर तोडल्यास दुसरा शब्द «"वीज» असा आणि तिसरा «बिल.पीडीएफ"» असा मिळतो, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या दोन फाइली पुसण्याचा आदेश तयार होतो. त्याऐवजी ओळ एकेक अक्षर करत वाचावी आणि आपण सध्या कोणत्या स्थितीत आहोत हे लक्षात ठेवावे. स्थिती चारच आहेत: साधी, एकेरी अवतरणातली, दुहेरी अवतरणातली आणि नुकताच उलटा तिरपा दंड येऊन गेल्यानंतरची. एकेरी अवतरणात प्रत्येक अक्षर जसेच्या तसे घ्यावे, तिथे उलट्या दंडालाही काही अर्थ नसतो. दुहेरी अवतरणात डॉलर, बॅकटिक आणि उलटा दंड यांचा अर्थ शिल्लक राहतो. स्पेस, तारका (फाइलनावात «कोणताही मजकूर») आणि प्रश्नचिन्ह («कोणतेही एक चिन्ह») यांचा नाहीसा होतो. लागून आलेले तुकडे मिळून एकच शब्द होतो, म्हणून «माझी"वीज बिले"जुनी» हा एक शब्द आहे. रिकामे अवतरण हाही शब्दच असतो आणि तो यादीत टिकला पाहिजे. तो गळाला तर त्यापुढची सगळी आर्ग्युमेंट (आज्ञेमागून प्रोग्रामला मिळणारे शब्द) एक जागा मागे सरकतात आणि मजकूर शोधणारा प्रोग्राम फाइलच्या नावालाच शोधायचा मजकूर समजतो.

अवतरणाची चिन्हे याच पायरीवर टाकून देऊ नयेत. कोणते अक्षर अवतरणातून आले आहे याची खूण पुढच्या पायऱ्यांसाठी जवळ बाळगावी, नाहीतर «"*"» आणि «*» यांतला फरकच उरत नाही. ही खूण ठेवायची कुठे, याचे एक जुने उदाहरण बोधप्रद आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बोर्न शेलने त्यासाठी अक्षराचा आठवा बिट वापरला, कारण तेव्हाच्या इंग्रजी मजकुराला सात बिट पुरत होते. आजच्या यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक बाइटचा आठवा बिट चढवलेलाच असतो; म्हणजे त्या शेलला आपले प्रत्येक अक्षर अवतरणातून आल्यासारखे दिसले असते, आणि खूण उतरवताना अक्षराचाच चुराडा झाला असता. तेव्हा खूण अक्षरात कोंबू नये. प्रत्येक शब्दासाठी वेगळा अ‍ॅरे ठेवावा किंवा शब्द तुकड्यांच्या यादीच्या रूपात साठवावा. स्मृती थोडी अधिक लागेल, पण आज तिची ददात नाही.

पाइप (एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला जोडणारी खूण), दिशाबदलाची चिन्हे (आउटपुट फाइलकडे वळवणारी), अर्धविराम आणि अँपरसँड हीसुद्धा याच पायरीवर ओळखावीत, आणि फक्त याच पायरीवर. नंतर एखाद्या व्हेरिएबलच्या किमतीत अर्धविराम निघाला तर तो नुसता अक्षर म्हणून राहिला पाहिजे. त्यातून नवी आज्ञा जन्माला येता कामा नये. युनिक्सचे शेल हे पथ्य काटेकोरपणे पाळतात. अपवाद आहे तो इव्हॅल या आज्ञेचा, जी मजकूर पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन ठेवते. आपल्या शेलमध्ये ती देऊच नये असे मी म्हणेन. दिलीच तर तिला बाहेरून आलेला मजकूर दिला जाणार नाही हे पाहावे.

अवतरण उघडे राहिले आणि ओळ संपली, तर शेवट कुठे असावा याचा अंदाज बांधू नये. वेगळे प्रॉम्प्ट दाखवून पुढची ओळ मागावी. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञांमध्ये, असे घडले तर अवतरण कोणत्या ओळीवर उघडले होते तो क्रमांक सांगून थांबावे.

व्हेरिएबलची जागा भरणे

शब्द पाडून झाल्यावर व्हेरिएबल, आज्ञेचे उत्तर आणि अंकगणित यांच्या जागी किमती भराव्यात. पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टीमसाठीच्या प्रमाणकाने क्रम ठरवून दिला आहे: आधी या किमती, मग त्यांतून आलेल्या मजकुराचे पुन्हा शब्द पाडणे, मग फाइलनावांचे नमुने सोडवणे आणि शेवटी अवतरणाची चिन्हे काढणे. यातील दुसरी गोष्ट, म्हणजे आलेल्या किमतीचे पुन्हा तुकडे करणे, हा बोर्न शेलचा सर्वांत महागात पडलेला निर्णय म्हणावा लागेल. फाइल या व्हेरिएबलमध्ये «वीज बिल.पीडीएफ» असेल आणि स्क्रिप्टमध्ये अवतरणाशिवाय «आरएम $फाइल» लिहिले असेल, तर पहिल्या पायरीवर घेतलेली सगळी काळजी इथे वाया जाते. शब्दाच्या सीमा आधी ठरल्या होत्या. शेलनेच त्या पुन्हा मोडल्या. म्हणून प्रत्येक शेल-स्क्रिप्टमध्ये «"$फाइल"» असे दुहेरी अवतरण घालण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या घोटून घ्यावी लागते.

नवा शेल लिहिणाऱ्याने ही प्रथा पुढे चालवण्याचे कारण नाही. प्लॅन नाइन या ऑपरेटिंग सिस्टीमच्या आरसी शेलने व्हेरिएबलची किंमत मुळातच शब्दांची यादी मानली, त्यामुळे पुन्हा तुकडे करण्याचा प्रश्नच मिटला. झेड-शेलही साध्या व्हेरिएबलचे तुकडे आपणहून करत नाही. तोच मार्ग धरावा: एक शब्द ठेवला तर एकच शब्द बाहेर यावा, अनेक हवे असतील तर वापरणाऱ्याने यादी ठेवावी. जुन्या स्क्रिप्ट चालवणे हाच उद्देश असेल तर मात्र पॉझिक्सचा क्रम तंतोतंत पाळण्यावाचून गत्यंतर नाही. अर्धे जुने आणि अर्धे नवे असे मिश्रण सर्वांत वाईट.

अवतरणाने सारे काही सावरते असेही नाही. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरील स्टीम या खेळांच्या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमधील एक ओळ चर्चेत आली. आरएम -आरएफ (न विचारता, आतल्या सगळ्यासह पुसणे) या आज्ञेपुढे अवतरणात व्हेरिएबल, त्याला लागून तिरका दंड आणि अवतरणाबाहेर तारका अशी ती रचना होती. व्हेरिएबल भरलेला असे तोवर ठीक. तो रिकामा राहिला की उरे ते «/*», म्हणजे डिस्कच्या मुळापासून सर्व काही, आणि वापरणाऱ्याच्या फाइली पुसल्या जात. अवतरण योग्य जागी असूनही हे घडले, कारण व्हेरिएबलला किंमत देणारी आज्ञा फसली तरी रिकामा मजकूर हीच त्याची किंमत मानून स्क्रिप्ट पुढे चालू राहिली. आपल्या शेलमध्ये किंमत देणारी आज्ञा फसली किंवा न भरलेला व्हेरिएबल वापरला की चूक दाखवून थांबणे हीच मूळ वर्तणूक ठेवावी. प्रचलित शेलमध्ये किंमत दिलीच नसेल तर «सेट -यू» केल्याने हे काम होते; किंमत दिलेली पण रिकामी असेल तर होत नाही.

तारका कोणी सोडवायची

*.पीडीएफ या नमुन्यात बसणारी नावे कोणी शोधायची, यावर दोन परंपरा आहेत. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये थॉम्प्सन शेल हे काम ग्लॉब नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवत असे. पुढे ते शेलमध्येच आले. डॉस आणि व्हीएमएस यांनी मात्र नमुना तसाच प्रोग्रामला दिला. दुसऱ्या पद्धतीचा फायदा खरा आहे. डॉसमध्ये «आरईएन *.टीएक्सटी *.बीएके» म्हटले की सगळ्या फाइलींची नावे बदलतात, कारण प्रोग्रामला दोन्ही नमुने दिसतात. युनिक्सवर नाव बदलणाऱ्या एमव्ही या आज्ञेला हे साधत नाही, कारण तिच्यापर्यंत नमुना पोहोचतच नाही, पोहोचतात ती फक्त नावे. पुसण्याच्या आज्ञेलाही, माणसाने एक फाइल सांगितली होती की नुसती तारका टाकली होती, हे कळत नाही. मग खात्री करून घेण्यासाठी ती विचारणार तरी काय?

तरीही मी शेलच्या बाजूने कौल देईन. प्रत्येक प्रोग्रामने नमुने स्वतः सोडवायचे ठरवले तर प्रत्येकाचे नियम थोडे निराळे होतात, काही प्रोग्राम ते काम करतच नाहीत, आणि विंडोजवर नेमके हेच दिसते. पण शेलने हे काम पत्करले की तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नमुन्यात एकही नाव बसले नाही, तर बोर्न परंपरेत नमुनाच जसाच्या तसा पुढे जातो, आणि एखादा प्रोग्राम खुशाल «*.पीडीएफ» याच नावाची फाइल तयार करून मोकळा होतो. झेड-शेल अशा वेळी चूक दाखवून आज्ञा चालवत नाही, आणि तेच योग्य आहे. दुसरे असे की, एखाद्या फाइलचे नावच «-आरएफ» असू शकते. तारका सोडवल्यावर ते नाव यादीत येते आणि प्रोग्राम त्याला पर्याय समजतो. यावरचा उपाय «./*» असे लिहिणे किंवा पर्याय संपल्याची खूण म्हणून दोन आडव्या रेघा देणे हा आहे; शेल लिहिणाऱ्याला, रेघेने सुरू होणाऱ्या सापडलेल्या नावांना आपणहून «./» जोडता येईल. तिसरी गोष्ट मर्यादेची. लिनक्समध्ये २००७ पर्यंत सर्व आर्ग्युमेंट आणि एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रामला वारशाने मिळणारे व्हेरिएबल) मिळून १२८ किलोबाइट एवढीच जागा मिळे. नंतर ती स्टॅकच्या मर्यादेच्या एक चतुर्थांश झाली, म्हणजे नेहमीच्या ८ मेगाबाइट स्टॅकवर २ मेगाबाइट. त्यापुढे गेल्यास कर्नल चूक परत करतो. ती चूक वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवावी; यादी मुकाट्याने कापू नये.

प्रोग्राम सुरू करणे

यादी तयार झाली की फोर्क करून, म्हणजे शेलचीच प्रत काढून, नवी प्रक्रिया काढावी, त्या नव्या प्रक्रियेत दिशाबदल लावावेत आणि मग एक्झेकव्हीई करावे, म्हणजे त्या प्रतीच्या जागी हवा तो प्रोग्राम चढवावा. दिशाबदल डावीकडून उजवीकडे याच क्रमाने लावावेत, कारण «> नोंद २>&१» आणि «२>&१ > नोंद» यांचे परिणाम वेगळे होतात: पहिल्यात चुकांचे संदेशही फाइलमध्ये जातात, दुसऱ्यात ते पडद्यावरच राहतात. प्रोग्राम सुरू होण्याआधीच फाइल उघडली जाते, म्हणून «सॉर्ट यादी > यादी» या ओळीत सॉर्टला वाचायला काही उरतच नाही. ही शेलची चूक मानली जात नाही, पण नवख्याची यादी हमखास रिकामी होते.

पाइपमध्ये एक जागा अशी आहे जिथे हाताने लिहिलेले जवळजवळ सगळे शेल अडकतात. पाइपला दोन टोके असतात, लिहिण्याचे आणि वाचण्याचे. लिहिण्याच्या टोकाच्या सर्व प्रती बंद होत नाहीत तोवर वाचणाऱ्याला मजकूर संपल्याचे कळत नाही. फोर्क केल्यावर ती टोके शेलकडेही राहतात आणि वाचणाऱ्या प्रक्रियेकडेही लिहिण्याच्या टोकाची प्रत येते. शेलने आपल्या प्रती बंद केल्या नाहीत तर «एलएस | डब्ल्यूसी» (फाइलींची नावे दाखवणे आणि ती मोजणे) ही साधी ओळसुद्धा कायमची लटकते: एलएस केव्हाच संपलेला असतो आणि डब्ल्यूसी वाट पाहत बसतो. म्हणून प्रत्येक फोर्कनंतर, कोणती प्रक्रिया कोणते टोक बंद करते, हे कागदावर मांडून पाहावे.

सीडी ही डिरेक्टरी बदलणारी आज्ञा शेलच्या आतच हवी. वेगळ्या प्रक्रियेने आपली डिरेक्टरी बदलली तरी शेलची बदलत नाही. खुद्द युनिक्सच्या कर्त्यांनाही हा अनुभव आला होता. फोर्क आल्यावर डिरेक्टरी बदलणारी आज्ञा अचानक निकामी झाली आणि तिला शेलमध्ये आणावे लागले, असे त्यांच्यापैकी एक, डेनिस रिची, यांनी नोंदवले आहे. आज्ञेच्या नावात तिरका दंड असेल तर ते नाव पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत) शोधू नये, आणि चालू डिरेक्टरी पाथमध्ये आपणहून कधीच घालू नये. आज्ञा सापडली नाही तर १२७, सापडली पण चालवता आली नाही तर १२६ हे निकालाचे आकडे परत करावेत; इतर साधने त्यांवर विसंबून असतात. कंट्रोल-सीचा संकेत समोर चालू असलेल्या गटालाच मिळावा यासाठी प्रत्येक पाइपलाइनचा स्वतंत्र प्रक्रिया-गट करावा लागतो.

इथवर आलो की लक्षात येते, की एक्झेकव्हीई कोणताही अर्थ लावत नाही. ते फक्त यादी घेते. म्हणूनच आपल्या प्रोग्राममधून दुसरा प्रोग्राम चालवायचा असेल तर सिस्टीम हे फंक्शन टाळावे, कारण ते मजकूर शेलकडे देते आणि तो पहिल्या पायरीपासून सारे पुन्हा वाचतो. वेबवरून आलेले नाव त्या मजकुरात चिकटवले की बाहेरच्या माणसाला आपल्या यंत्रावर आज्ञा देण्याची सोय आपणच करून देतो. नाव यादीतला एक घटक म्हणून थेट पाठवावे. बाहेरून येणाऱ्या एन्व्हायर्नमेंटबाबतही हेच लागू आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये उघड झालेल्या शेलशॉक त्रुटीत बॅश हा शेल एन्व्हायर्नमेंटमधील किमतीत फंक्शनची व्याख्या शोधत असे आणि तिच्यामागे जोडलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवून टाकत असे.

विंडोजचा वेगळा रस्ता

विंडोजच्या क्रिएटप्रोसेस या प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनला यादी देताच येत नाही. एकच ओळ द्यावी लागते आणि ती ३२,७६७ अक्षरांपर्यंत असू शकते. सीएमडी या विंडोजच्या शेलमध्ये टाइप करायच्या ओळीची मर्यादा ८,१९१ आहे. त्यामुळे पाठवणाऱ्याने यादी जोडून ओळ करायची आणि घेणाऱ्याने ती पुन्हा तोडायची, अशी उफराटी कसरत अटळ ठरते. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीचा नियम असा, की दुहेरी अवतरणाच्या लगेच आधी आलेले उलटे दंड जोडीने मोजले जातात आणि एक जास्तीचा उरला तर अवतरण हे साधे अक्षर होते. परिणामी «"डी:\वीज बिले\"» लिहिले की शेवटचे अवतरण बंद होतच नाही आणि पुढचे शब्द त्याच नावात शिरतात. शेवटचा दंड दुप्पट करून «"डी:\वीज बिले\\"» लिहावे लागते.

त्यातही सगळे प्रोग्राम हाच नियम पाळत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये रस्टसह अनेक प्रोग्रामिंग भाषांच्या लायब्ररींमध्ये एकच त्रुटी सापडली: बॅच फाइल (विंडोजची स्क्रिप्ट) चालवताना त्या सी लायब्ररीच्या नियमाने ओळ जोडत होत्या, पण बॅच फाइल उघडतो सीएमडी, आणि त्याचे नियम निराळे. विंडोजवर बॅच फाइलला बाहेरून आलेला मजकूर आर्ग्युमेंट म्हणून देऊच नये, हा त्यातून काढायचा व्यवहार्य निष्कर्ष. द्यावाच लागला तर ठरावीक अक्षरांपलीकडचे सारे नाकारावे.

मराठी नावे

लिनक्सच्या दृष्टीने फाइलचे नाव म्हणजे बाइटांची रांग. तिरका दंड आणि शून्य बाइट सोडून काहीही चालते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-सिस्टीमवर नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेत असल्याने आपल्याला ८५ चिन्हेच मिळतात, त्यांतही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. «पावती» हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण तो पाच चिन्हांचा आणि १५ बाइटांचा आहे, म्हणून यूटीएफ-८ असलेल्या बॅशमध्ये त्याच्याशी «???» जुळत नाही, «?????» जुळते. आपल्या शेलने निदान चिन्हे मोजावीत, बाइट नव्हे.

«दऱ्या» मधील ऱ्य लिहिताना नुक्त्याचा तयार ऱ वापरता येतो, र आणि नुक्ता वेगळे देता येतात, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा तिसरा मार्गही आहे. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात, पण डिस्कवर त्या तीन वेगळ्या फाइली होतात. शेलने नावे एकसारखी करण्याचा मोह आवरावा. त्याने नाव बदलून कर्नलकडे दिले तर डोळ्यांसमोर असलेली फाइल «सापडत नाही» असे उत्तर येईल. टॅब दाबल्यावर पर्याय सुचवताना मात्र तिन्ही रूपे जुळवून पाहण्यास हरकत नाही, जोवर शेवटी ओळीत डिस्कवरचेच मूळ बाइट घातले जातात.

तपासणी

एका रिकाम्या डिरेक्टरीत मुद्दाम त्रासदायक नावांच्या फाइली कराव्यात: स्पेस असलेली, रेघेने सुरू होणारी, नावातच तारका असलेली, अवतरण असलेली, नव्या ओळीचे चिन्ह असलेली आणि «दऱ्या»ची तिन्ही रूपे. मग मिळालेले प्रत्येक आर्ग्युमेंट वेगळ्या कंसात छापणारा दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहावा आणि आपल्या शेलमधून त्याला आधी तारका, नंतर प्रत्येक नाव अवतरणात, आणि शेवटी तेच नाव व्हेरिएबलमधून द्यावे. प्रत्येक वेळी कंसांची संख्या फाइलींच्या संख्येइतकी यायला हवी आणि कंसातील बाइट डिस्कवरच्या बाइटांशी तंतोतंत जुळायला हवेत. नव्या ओळीच्या चिन्हाची फाइल इतर साधनांकडे पाठवताना «फाइंड -प्रिंट०» आणि «एक्सआर्ग्ज -०» ही जोडी वापरावी. ती नावे शून्य बाइटने वेगळी करते, आणि नावात जो बाइट येऊच शकत नाही असा तेवढाच एक मोकळा उरतो, कारण तिरका दंड वाटेतल्या डिरेक्टऱ्यांसाठी आधीच खर्ची पडलेला असतो.